पाण्याला कुलूप

माझ्या दिराबद्दल कुणी विचारलं की मला आधी राग येतो आणि मग बोलणं सुचतं. तुर्दी त्याचं नाव. आमच्या कालव्याचा मीराब, म्हणजे पाण्याच्या पाळ्या लावणारा माणूस. एकतीस वर्षं त्यानं सात गावांना पाणी दिलं आणि मला डोक्याला ताप दिला. माझा नवरा गेला तेव्हा एर्गश दोन वर्षांचा होता. तेव्हापासून आम्ही मायलेक तुर्दीच्याच अंगणात राहतो. तो मला यंगा म्हणतो, वहिनीला आमच्यात तेच म्हणतात. मी त्याला काय काय म्हणते ते सगळं इथे सांगत बसत नाही.

दिसायला काही नाही. बुटका, एक डोळा बारीक, पायांत कायम रबरी बूट. लग्नाला गेला तरी तेच बूट. जन्म पाण्यात गेला, पण धुतलेला असा कधी दिसला नाही, अंगावर सदा चिखल. लिहिता-वाचता येत नाही. पाळी मोजायची ती सावलीवर. बांधावर काठी रोवायची, सावली या ढेकळापासून त्या ढेकळापर्यंत सरकली की तुझी पाळी संपली, बुजव बांधातलं पाण्याचं दारं. एवढ्यावर सात गावं भिजायची.

भांडायला आलेल्या माणसाला तो बोलू द्यायचा. अगदी घसा बसेपर्यंत. मग म्हणायचा, "झालं? आता उचल फावडं. चल, बघू." भांडणाच्या जागेपर्यंत दोन कोस चालावं लागायचं आणि तेवढ्यात निम्मा राग पायांतून उतरायचा. मी ओरडायचे, "अरे, जेवण निवतंय!" तो म्हणायचा, "यंगा, शोरबा पुन्हा गरम होतो, माणूस थंड व्हायला वेळ लागतो." असलं बोलून निघून जायचा आणि मी पातेलं घेऊन बसायचे.

आमच्या कालव्याचा एक नियम होता आणि तो माझ्या सासऱ्याच्या सासऱ्यापासूनचा. मीराब करायचा तो शेवटच्या गावातला. कालव्याच्या तोंडाशी बालासर, चारशे घरांचं. मधे पाच गावं. अगदी शेपटाला आमचं पायानआब, बेचाळीस घरं. वरच्या गावचा मीराब केला तर काय होईल? त्याचं शेत आधी भिजेल, मग तो घरी जाऊन चहा पीत बसेल. खालच्या गावच्या माणसाला मात्र स्वतःच्या गव्हाला पाणी हवं असेल तर सहा गावं पार करून ते आणावंच लागतं. तो चांगला आहे की लबाड, याची पर्वा करावी लागत नाही. आणि ज्या वर्षी डोंगरावर बर्फ कमी पडेल त्या वर्षी पहिली पाळी शेपटाला, शेवटची तोंडाला. बालासरवाले कुरकुरायचे, पण द्यायचे.

रशियन आले तेव्हा हा नियम होता. ते गेले आणि आमचेच लोक आमच्यावर तोफा डागायला लागले, तेव्हाही होता. साफर कमांडरचा अंमल होता त्या काळातली गोष्ट. त्याची द्राक्षाची बाग मधल्या एका गावात होती. एकदा त्यानं चार बंदूकवाले पाठवून पाळी नसताना दारं फोडलं. तुर्दी फावडं खांद्यावर टाकून त्याच्या ओसरीवर जाऊन बसला. मी घरात कुराण उराशी घेऊन रडत होते की आता हा काही परत येत नाही. साफर म्हणाला, "मीराब, तुला माझी भीती वाटत नाही?" हा म्हणाला, "वाटते. पण पायानआबमध्ये बेचाळीस घरं आहेत. आज तू घेतलंस तर उद्या ते घेतील, परवा बालासरवाले. मग तुला माणसं मारायला वेळ पुरणार नाही आणि द्राक्षं वाळतील ती वेगळीच." कमांडरनं दारं बुजवलं आणि त्याला जेवायलाही बसवलं. सगळ्या लढाईत या कालव्यावर पाण्यापायी एकही गोळी सुटली नाही. तुर्दीला कशाचा गर्व असेल तर तेवढ्याचाच.

मग अमेरिकन आले आणि त्यांच्या मागून दफ्तरवाले आले. दफ्तरवाले म्हणजे पांढऱ्या मोटारीतून येऊन गावाचं भलं करणारे. त्यांची एकच अट असायची, समिती करा. समिती नाही तर मदत नाही. आमची माणसं हुशार. पाहुणा दारी आलाय, त्याला समिती हवी आहे, देऊन टाका बापडी. पाहुण्याला नाही म्हणायचं नाही ही आमची रीत आणि त्याच रीतीनं आमचा घात केला. कोंबड्यांची समिती झाली, विहिरीची झाली, शिलाईयंत्रांची झाली. कोंबड्या ईदला खाल्ल्या. एक महिना मी स्वतः बायकांच्या समितीची अध्यक्ष होते, अल्ला साक्षी, कशाची ते मला आजही माहीत नाही. अंगठा मागितला, दिला. एक मुलगी आमचा फोटो काढून घेऊन गेली.

अशा समितीवर कुणाला बसवायचं तेही ठरून गेलं होतं. ज्याला काम नाही त्याला. शेतात राबणाऱ्या माणसाला सभेला कुठे वेळ असतो? बालासरचा हज्रतकुल असाच. चपन, म्हणजे वरचा लांब अंगरखा, स्वच्छ, दाढी विंचरलेली, सही झोकदार, दिवसभर दुकानाच्या फळीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ले. माणूस वाईट नव्हता. बिनकामाचा होता.

मग एका साली आला तो रामीन इंजिनियर. काबुलचा पोरगेलासा माणूस, चश्मा, बोलणं गोड. म्हणाला, कालव्याच्या तोंडाशी पक्का बंधारा बांधू, लोखंडी दार बसवू, दर वसंतात झुडपं आणि दगड रचायची कटकट संपेल. फक्त पाणीवापर समिती हवी. सातही गावांतून घरटी एक मत, गुप्त मतदान, अध्यक्ष, म्हणजे आमच्या बोलीत रईस, लिहिता-वाचता येणारा. हे सगळं आमच्याच अंगणात तुतीखाली चाललं होतं. मी आतून नान पाठवत होते आणि पडद्याआडून ऐकत होते.

रामीननं विचारलं, "काका, तुम्ही उभे राहणार का?"

तुर्दी हसला. म्हणाला, "मला कालव्यावर कामं आहेत, बाळ. हज्रतकुलला करा. त्याचं अक्षर छान आहे."

सगळी माणसं हसली. वरच्यांनी हज्रतकुलला मत दिलं आणि आमच्या बेचाळीस घरांनीही दिलं. तुर्दीनं स्वतः पेटीत चिठ्ठी टाकली. रात्री मी म्हटलं, "अरे, बालासरच्या माणसाला कालव्याचा रईस केलास?" तो म्हणाला, "यंगा, ती पाहुण्यांची समिती आहे. कोंबड्यांच्या समितीनं कधी अंडी घातली?" मीही हसले. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

बंधारा झाला. कसा झाला, चांगला झाला, खोटं कशाला बोलू? बांधकामाच्या दोन वसंतांत कालव्याचा गाळ काढायलाही दफ्तरानं रोख मजुरी दिली. त्याआधी गाळ काढणं म्हणजे हशर. शुक्रवारच्या नमाजानंतर मीराब मशिदीच्या दारात खांद्यावर फावडं घेऊन उभा राहायचा, दिवस सांगायचा, आणि घरटी एक माणूस स्वतःचं फावडं, स्वतःची भाकरी घेऊन जायचा. हजारभर माणसं, गाणी काय, मस्करी काय, पाच दिवसांत कालवा आरशासारखा. न येणाऱ्याची पाळी तुटायची. ते सोडून आता कारकून मांडीवर वही घेऊन नावं लिहायचा आणि संध्याकाळी नोटा वाटायचा. माझ्या एर्गशनं पहिल्या मजुरीतून मला प्रेशर कुकर आणून दिला. मी साऱ्या आळीला दाखवत फिरले. तुर्दी एवढंच म्हणाला, "आपल्याच घराची झाडलोट करायला पाहुणा पैसे देतोय, बरंय." मी म्हटलं, "तुला कुणाचं सुख बघवत नाही." तेव्हा माझी जीभ झडली असती तर बरं.

काम संपल्यावर मोठा समारंभ झाला. पाटी लागली, फीत कापली, पुलाव झाला आणि लोखंडी दाराच्या कुलपाची किल्ली साऱ्यांसमोर समितीच्या रईसाच्या हातात दिली, हज्रतकुलच्या. टाळ्या वाजल्या. आमची माणसंही वाजवत होती. घरी येईपर्यंत कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही की जे आपण पाहुण्यांचं नाटक समजलो, त्याला या लोकांनी कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

पहिलं वर्ष बरं गेलं, बर्फ भरपूर होतं. दुसऱ्या वर्षी हिवाळा कोरडा गेला. चैत्र-वैशाखाच्या सुमाराला आमच्याकडे गहू पोटरीत येतो. तेव्हा एक पाणी मिळालं तर पीक, नाही तर गुरांचा चारा. कोरडं वर्ष, म्हणजे पहिली पाळी शेपटाची. तुर्दी फावडं घेऊन बालासरला गेला.

हज्रतकुलनं मान देऊन बसवलं, खारा चहा पाजला. मग भिंतीवरचा कागद दाखवला. रामीननं बनवलेला तक्ता होता तो, कुणाची किती जमीन, कुणाला किती तास. क्रम वरून खाली. बालासर पहिलं, पायानआब सातवं.

"हे कुणी लिहिलं?" तुर्दीनं विचारलं.

"समितीनं. तुम्हीही हजर होतात, मीराबजान. वाचून दाखवलं होतं की."

"पुलावाच्या आधी वाचलं होतं, हज्रतकुल. तेव्हा कोण ऐकत होतं? कोरड्या वर्षी पाणी खालून सुरू होतं, हे तुझ्या बापालाही ठाऊक होतं."

"माझ्या हातात काय आहे? अर्ज द्या. गुरुवारी सभा घेऊ. गणसंख्या झाली तर ठराव करू."

"गहू गुरुवारपर्यंत थांबत नाही."

"मी तक्ता मोडला तर दफ्तरवाले मला विचारतील ना! सही माझी आहे." यात हज्रतकुलचं खोटं काही नव्हतं. त्या बिचाऱ्याला खरोखरच वाटायला लागलं होतं की आपण रईस आहोत. त्यात त्याचं स्वतःचं शेत अगदी लोखंडी दारालगत होतं आणि ओलं होतं, त्यामुळे त्याला घाई कसली?

गुरुवार आला. सात गावांपैकी तीन गावांची माणसं आली. गणसंख्या झाली नाही. पुढच्या गुरुवारी सगळे एका मयताला गेले. तुर्दी रोज जायचा, रोज यायचा. चार कोस जाणं, चार कोस येणं. मी त्याच्यावर खेकसायचे, "तू मीराब आहेस की भिकारी? दारात बसतोस काय? साफर कमांडरपुढे बोलणारी जीभ कुठे गेली?" तो म्हणाला, "यंगा, साफरकडे बंदूक होती. बंदुकीवाल्याशी बोलता येतं. याच्याकडे तक्ता आहे, तक्त्याशी काय बोलू?"

आमचा गहू टोकाकडून पिवळा पडायला लागला. बेचाळीस घरं. त्यांतल्या निम्म्यांनी मागच्या दुष्काळात मुलं इराणला विटा पाडायला पाठवली होती, ती अजून परत यायची होती. आता पुन्हा पीक गेलं तर उरलेलीही जातील आणि पायानआबमध्ये म्हातारे आणि कुत्री राहतील. हे सगळ्यांना दिसत होतं. तरुणांचं डोकं फिरलं. आमच्याकडे प्रत्येक गंजीत एक बंदूक पुरलेली असते. त्या बंदुका निघाल्या, पुसल्या गेल्या. सगळ्यांच्या पुढे कोण? माझा एर्गश. पंचवीस वर्षांचा घोडा, बाप आठवत नाही, पण बापाची बंदूक बरोबर सापडली.

सकाळी ते निघणार होते. मी दारात आडवी पडले. "माझ्यावरून जा!" एर्गश म्हणाला, "आई, ऊठ. तमाशा करू नकोस." तेवढ्यात तुर्दी बूट चढवत बाहेर आला. म्हणाला, "पोरांनो, माझ्या मागून या, पण दोनशे पावलं मागून. आणि तिथे पोचेपर्यंत कुणी माझ्याआधी बोलायचं नाही. एवढं तर ऐकाल ना मीराबचं?"

एवढं ऐकलं त्यांनी. बालासरच्या माणसांनाही कुणकुण लागली होती. तीही बंधाऱ्यापाशी जमली होती आणि त्यांचे हातही चादरींखाली होते. तुर्दी एकटा पुढे गेला, लोखंडी दारापाशी उभा राहिला आणि सगळ्यांच्या देखत, भर उजेडात, फावड्याच्या पात्यानं कुलूप ठोकायला लागला. पाच घाव, सहा घाव. हज्रतकुल ओरडला, "मीराब, ही सरकारी चीज आहे!" तुर्दी म्हणाला, "मी तोडतोय. पायानआब नाही, मी. लिहून ठेव, तुझं अक्षर छान आहे." कुलूप पडलं. दार उचललं, पाणी सुटलं. गोळी कुणावर झाडणार? म्हाताऱ्यावर? सगळ्यांत आधी बालासरचे म्हातारे मागे वळले. नियम त्यांनाही ठाऊक होता, लाज त्यांनाही होती. दोन दिवस पाणी आमच्याकडे वाहिलं. बेचाळीस घरांचा गहू वाचला, माझा मुलगा वाचला.

आणि तिसऱ्या दिवशी पोलीस येऊन तुर्दीला घेऊन गेले. प्रकल्पाच्या मालमत्तेची नासधूस.

अकरा दिवस त्याला तालुक्याच्या कोठडीत ठेवलं. बाराव्या दिवशी मी एर्गशला घेऊन गेले तर तिथे रामीन इंजिनियर बसलेला, चेहरा पडलेला. त्यानं कागद आणला होता. त्यात लिहिलं होतं की तुर्दी हा कालव्याचा कुणी पदाधिकारी नाही, त्याला पाणी सोडण्याचा अधिकार नव्हता आणि यापुढे तो दाराला हात लावणार नाही. अंगठा दिला की सुटका. नाही दिला तर खटला, शिवाय मधल्या एका गावासाठी नदीवर होणारा पूल रद्द, कारण जिथे तंटा आहे तिथे पैसे पाठवायचे नाहीत असा वरचा हुकूम.

मला राहवलं नाही. "बाळा, तंटा तुम्ही आणलात! इथे एकतीस वर्षं तंटा नव्हता. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, अशी तुमची मदत. भीक नको पण कुत्रं आवर म्हणायची वेळ आणलीत!"

तो पोरगा ओशाळला. म्हणाला, "खाला, आमच्या अर्जात मीराब असा रकानाच नव्हता. अध्यक्ष, सचिव, खजिनदार एवढेच होते. हिवाळ्याआधी काम दाखवलं नसतं तर पैसे परत गेले असते." मग तुर्दीकडे वळून हळूच म्हणाला, "काका, आम्ही काय करायला हवं होतं?"

तुर्दीनं दाढी खाजवली. "बंधारा बांधायचा. तो चांगला आहे. पण त्याआधी दोन गोष्टी विचारायच्या. इथे पाणी कोण देतो, आणि त्यालाच का देऊ देता. तू दोन वर्षांत माझ्याकडे तीसदा जेवलास, बाळ. हे विचारलं नाहीस."

"तुम्हीही सांगितलं नाहीत, काका."

"नाही सांगितलं," तुर्दी म्हणाला. "पाहुणा होतास." आणि त्यानं अंगठा दिला. मी तिथेच डोकं बडवून घेतलं. बाहेर आल्यावर म्हटलं, "एकतीस वर्षं एका बोटानं पुसून टाकलीस!" तो म्हणाला, "त्या गावाच्या बायका बाळंतपणाला नदीतून गाढवावर जातात, यंगा. त्यांना पूल होऊ दे."

पूल मात्र झाला नाही. त्याच हिवाळ्यात प्रकल्प संपला आणि दफ्तर दुसऱ्या प्रांतात गेलं. पांढरी मोटार पुन्हा दिसली नाही. तुर्दीनं बूट काढून फळीवर ठेवले. घरात बसलेला पुरुष म्हणजे काय असतं ते मी तेव्हा बघितलं. कणीक मळताना मीठ किती घालायचं हे तो मला सांगायला लागला. मी म्हटलं, "अल्ला, याला पाणी दे नाही तर मला मरण दे."

पुढच्या वसंतात बर्फ वितळलं आणि पुरानं लोखंडी दारापुढे कमरेएवढा गाळ आणून टाकला. दार हलेना. बालासरलाही थेंब मिळेना. हज्रतकुलनं सातही मशिदींच्या भिंतींवर सूचना लावली, सुंदर अक्षरात, शिक्क्यासकट, की अमुक दिवशी हशर आहे. त्या दिवशी तो एकटाच स्वच्छ चपन घालून बंधाऱ्यावर उभा होता. दुपारी त्याचे दोन भाचे आले म्हणतात.

मग तो आमच्या दारात आला, पायी. तुर्दीसमोर जेवणासाठी पसरलेल्या दस्तरखानावर किल्ली ठेवली आणि म्हणाला, "मीराबजान, तुमचं काम मला पोरखेळ वाटलं होतं. चूक झाली. माझं कुणी ऐकत नाही. तुम्ही बोलावलं तर येतील."

मी आतून ओरडले, "आता आठवण झाली का? कोठडीत होता तेव्हा कुठे होतास?" तुर्दी म्हणाला, "यंगा, चहा आण." किल्लीला त्यानं हात लावला नाही. म्हणाला, "ही तुझ्याचकडे ठेव, मी अंगठा दिलाय. पण गाळ काढायला किल्ली लागत नाही." आणि तो फळीवरचे बूट काढून पुसायला लागला. बूट पुसताना मी त्याला जन्मात पाहिलं नव्हतं. मी आत जाऊन रडले. आनंदानंच, कशाला लपवू?

सुरुवात आपल्या गावापासून, असं तो म्हणाला. पायानआब आलं की मग वरच्यांना तोंड दाखवता येईल. शुक्रवारी नमाज सुटला. मी समोरच्या छपरावर गोधड्या वाळत घालत होते. माणसं मशिदीतून बाहेर पडत होती आणि तुर्दी दाराशी उभा होता, खांद्यावर फावडं, आधी उभा राहायचा तसा. सगळे थांबले. त्यांतल्या प्रत्येकाच्या घरात मागच्या वर्षीचा गहू होता तो त्याच्यामुळे होता. तुर्दीनं नेहमीचंच वाक्य म्हटलं, "परवा सकाळी. बालासरच्या तोंडाशी. घरटी एक."

कुणी हलेना. खाली बघत होते, टोप्या नीट करत होते. मला वाटलं, इतक्या दिवसांनी ऐकलं म्हणून गलबलले असतील.

मग गर्दीतून एक जण म्हणाला, "काका, रोजची मजुरी किती?"

माझा एर्गश होता तो. त्यात टोमणा नव्हता, मस्करी नव्हती. असती तर मी छपरावरून उतरून सगळ्या गावासमोर त्याच्या दोन कानशिलात दिल्या असत्या. बाजारात कांद्याचा भाव विचारावा तसं तो खरंच विचारत होता. ज्याला वाचवायला तुर्दीनं कुलूप फोडलं, तोच.

तुर्दी त्याच्याकडे बघत राहिला. भांडायला आलेल्याला तो नेहमी "चल, बघू" म्हणायचा, पण इथे भांडण कुठे होतं? आणि एर्गशच्या मागे गावातली बाकीची सगळी माणसं उत्तराची वाट बघत उभी होती.